गाणारी नसलेला ऑर्केस्ट्रा

“डावा हात दाखवा बघू.”

नवं माणूस भेटलं की बाई नमस्काराच्या आधी हे म्हणायच्या. भाजीवालीला म्हणायच्या, पोस्टातल्या कारकुनाला म्हणायच्या. एकदा तर स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला खिडकीतून हात बाहेर काढायला लावून त्यांनी त्याची बोटं पाहिली होती. हात उताणा धरायचा, बोटं फाकवायची, करंगळी ताणून कुठवर जाते ते बघायचं. मुंबईहून हात बघणाऱ्या बाई आल्यात, अशी बातमी गावात पसरली. काही जण तर जन्मवेळ घेऊनच त्यांच्या दारात गेले. एकानं विचारलं, “पोराला आखातात नोकरी लागेल का?” बाई म्हणाल्या, “त्यातलं मला कळत नाही. पण तुमची करंगळी चांगली आहे. शनिवारी चार वाजता या.”

माझा हात त्यांनी माझ्या औषधांच्या दुकानात पाहिला. मी रक्तदाबाच्या गोळ्या पुढे केल्या, तर त्यांनी गोळ्या बाजूला ठेवून माझं मनगटच धरलं.

“तुम्ही व्हायोलिन वाजवत होतात.”

“लहानपणी, मामाकडे. थोडंसं. सुटलं ते केव्हाच.”

“थोडं वाजवणारेच हवेत मला. खूप वाजवणारे या गावात कशाला राहतील?”

मला राग आला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. आज लिहायला बसल्यावर लक्षात येतं की आमची ओळखच रागानं झाली. पुढेही तो सुटला नाही. कधी बाईंवर असायचा, पण बहुतेक वेळा त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणावर तरी. बाई गेल्या, तरी तो माझ्याकडे राहिलाच आहे.

आमचं गाव समुद्राकाठचं, श्रीवर्धनपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल तक्रार करणार आहे ते लोक अजून इथंच आहेत, आणि माझं दुकानही इथंच आहे.

बाईंचं सासर इथलं. माहेर मुंबईचं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत व्हायोलिन वाजवण्यात घातली होती. सिनेमाच्या गाण्यांत मागे तीस-चाळीस व्हायोलिनं एकदम वाजायची, त्यांतलं एक त्यांचं. “माझं वाजवलेलं तुमच्यापैकी प्रत्येकानं ऐकलंय,” त्या म्हणायच्या, “फक्त ते मी वाजवलंय हे कोणाला माहीत नाही.” मग यंत्रं आली, तीस-चाळीस व्हायोलिनांचं काम एकट्या माणसाच्या कीबोर्डवर भागायला लागलं आणि त्या रांगाच्या रांगा घरी बसल्या. बाईंचे यजमान, आमचे सगळ्यांचे काका, निवृत्त झाले तेव्हा दोघं इथल्या वाडीत राहायला आली. दोन पावसाळ्यांनी काका गेले. सगळ्यांना वाटलं, आता बाई परत जाणार. मुलगा पुण्याहून न्यायला आलासुद्धा. बाई म्हणाल्या, “मी गावात ऑर्केस्ट्रा काढतेय.”

आता आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. रंगीत दिवे, चमकीचा कोट घातलेला निवेदक, सिनेमाची गाणी, आणि मधेमधे नटांचे आवाज काढणारा एक जण. त्यामुळे पहिल्या कार्यक्रमाची पाटी लागली तेव्हा गावभर एकच प्रश्न होता.

“गाणारी कोण?”

“गाणारी नाही,” बाई सांगायच्या. “वाजवणारे आहेत.”

“ते असतातच हो. पण गाणारी कोण?”

त्या पहिल्या कार्यक्रमात आम्ही एक साधीशी धून वाजवत असताना पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “डान्स कधी?” आमच्याकडे तोंड करून हातांनी लय देत असलेल्या बाईंनी हात खाली न आणता नुसती मान वळवली. “नाचायचं असेल तर बाहेर मोकळी जागा आहे. आत आम्ही वाजवतोय.” आणि मान परत आमच्याकडे. आमच्यातले निम्मे हसू दाबण्याच्या नादात वाजवताना चुकले. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल सगळ्यांना एकेक करून बोलणी बसली.

बाई गोड नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप साखर घालतो. तालमीत जांभई दिली म्हणून त्यांनी मला बाहेर उभं केलं होतं, माझे केस पिकायला लागले असताना. माधवी म्हणून शाळेत शिकवणारी एक मुलगी चेलो वाजवायची. चेलो म्हणजे ते माणसाएवढं मोठं व्हायोलिन, गुडघ्यांत धरून वाजवतात ते. तिला बाईंनी किती वेळा रडवलं असेल, ते तिलाच माहीत. तरी ती येत राहिली. आम्ही सगळेच येत राहिलो.

तो चेलोही बाईंनीच मुंबईहून आणला होता, एसटीतून. कंडक्टर म्हणाला, “या धुडाचं तिकीट काढावं लागेल.” बाईंनी काढलं. मग त्याला खिडकीशी बसवलं आणि शेजारी आपण बसल्या. पुढे वाटेत गर्दी झाली. एक म्हातारेबुवा म्हणाले, “बाई, ही पेटी खाली ठेवा, मी बसतो.” बाईंनी स्वतः उठून त्यांना आपली जागा दिली आणि गावापर्यंत उभ्या आल्या. पेटी उठवली नाही. “त्याचं तिकीट काढलंय,” त्या म्हणाल्या.

आमच्यात वीस-बावीस माणसं होती. व्हायोलिनवाले बहुतेक माझ्यासारखे, लहानपणी कधीतरी शिकलेले. फुंकायच्या वाद्यांसाठी बाईंनी लग्नातला ब्रास बँड धरला. त्यात दत्ता होता, कोळीवाड्यातला, ट्रम्पेट वाजवायचा. छातीत एवढा दम की वरात दोन गल्ल्या पलीकडे असली तरी कळायचं दत्ता आलाय. आणि इब्राहिमभाई होते. नारळ-सुपारीचा व्यापार, बरीच वर्षं मस्कतला काढलेली. तिथं कुठल्याशा बँडमधल्या गोव्याच्या माणसाकडून क्लॅरिनेट शिकून आले होते. घरच्यांना ते आवडत नसे, म्हणून वखारीत वाजवायचे. बाईंना सुपारीच्या पोत्यांमागून आवाज आला आणि त्या सरळ आत शिरल्या.

आमचा सीझन पंचांगावर चालायचा. हसू नका, खरंच. दिवाळी झाली की सुरुवात आणि होळीला शेवट. पण लग्नांचे मुहूर्त असले की दत्ता आणि त्याचा बँड नाही, आणि गावचा हॉलही नाही. म्हणून मोठा कार्यक्रम पौषात. पौषात लग्नं नसतात. लोक म्हणायचे पौष अशुभ, बाई म्हणायच्या, “माझ्या दृष्टीनं वर्षातला एकच शुभ महिना आहे.”

बाकीचे कार्यक्रम त्या गावात वाटून द्यायच्या. एक कोळीवाड्यातल्या देवळासमोर, जाळी बाजूला सारून. एक मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या पटांगणात. तिथं पहिल्या वर्षी चारच माणसं आली आणि पुढच्या वर्षी इब्राहिमभाईंच्या घरच्या बायकासुद्धा वरच्या गच्चीत येऊन बसल्या. एक सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात. “ज्यांना आपल्याकडे येता येत नाही त्यांच्याकडे आपण जायचं,” एवढंच त्या सांगायच्या. त्यावर भाषण कधी केलं नाही.

दवाखान्यातला एक प्रसंग सांगतो. आम्ही वाजवत होतो आणि नर्स धावत आली. “जरा थांबा हो, आत एक बाळंतीण अडलीय.” बाईंनी लगेच थांबवलं. थोड्या वेळानं तीच नर्स परत आली, कपाळावरचा घाम पुसत. “ती म्हणते, बंद का केलंत? चालू ठेवा म्हणते. त्याच्यावर कळा मोजायला बरं पडत होतं.” त्या दिवशी बाईंनी तोच तुकडा परत परत वाजवून घेतला, एकाच लयीत, मान आतल्या दाराकडे कललेली. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तेव्हा दत्तानं ट्रम्पेट खाली ठेवून तोंड पुसलं आणि म्हणाला, “बाई, आज आपन कामाला आलो.” बाई म्हणाल्या, “आज पहिल्यांदा तुम्ही सगळे लयीत होतात.”

आता मूळ गोष्टीवर येतो. बाईंच्या मनात एक परदेशी सिंफनी होती. जुनी, चार भागांची. चार भाग म्हणजे चार वेगळ्या गोष्टी नव्हेत, एकच. पहिला जोशात, दुसरा अगदी संथ, तिसरा नाचरा, चौथा सगळं गोळा करून नेणारा. ती त्यांनी आमच्या माणसांना झेपेल अशी लिहून घेतली होती. त्यांचं म्हणणं एकच: चारही भाग एका बैठकीत, मधे टाळ्या नाहीत, भाषण नाही, चहा नाही. “मुंबईत आम्ही तुकडे वाजवायचो,” त्या म्हणायच्या. “दहा सेकंदांचा तुकडा, वीस सेकंदांचा तुकडा. पुढे काय आहे, मागे काय आहे, कोणी सांगायचं नाही. मला मरायच्या आधी एक गोष्ट पूर्ण वाजवायचीय.”

ती पूर्ण झाली नाही. एका वर्षी दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वीज गेली. एका वर्षी शेजारच्या मैदानावर क्रिकेटचे सामने होते, आमच्या संथ भागावर त्या कॉमेंट्रीवाल्यानं षटकारांचा पाऊस पाडला. एका वर्षी सगळं ठीक चाललं होतं, तर पहिला भाग संपल्यावर लोकांना वाटलं कार्यक्रम संपला. टाळ्या वाजवून, चपला शोधून, सगळे घरी गेले. दुसऱ्या भागापाशी यायचं आणि अडायचं, हे ठरलेलंच. त्या संथ भागाची तालीम आम्ही इतकी केली होती की दुकानात गोळ्या मोजताना मी तो गुणगुणायचो. पण गावानं तो ऐकला नव्हता.

मग ते वादळ आलं. आमच्याकडे ‘वादळ’ म्हटलं की कुठलं ते सांगावं लागत नाही. फोन बंद, रस्ते बंद, वाड्या आडव्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत बाई माझ्या दारात आल्या. साडीला चिखल, हातात काठी.

“माणसं?”

“बरी आहेत.”

“छप्पर?”

“अर्धं गेलं.”

“व्हायोलिन?”

“कपाटात वर होतं. कोरडं आहे.”

मग त्या पायरीवर बसल्या आणि पाणी मागितलं. अशा त्या बावीसच्या बावीस घरी गेल्या होत्या, मोहल्ल्यात, कोळीवाड्यात, सगळीकडे. त्यांची स्वतःची वाडी कशी आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. नंतर गेलो तेव्हा पाहिलं. काकांनी लावलेल्या पोफळी सगळ्या एका दिशेला झोपलेल्या. बाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, “इतकी वर्षं तुम्हाला सांगतेय, सगळे एकदम या. यांना पहिल्या फटक्यात जमलं.” मी हसलो नाही. त्याही हसल्या नाहीत.

वादळात गावच्या हॉलचं छप्परही उडालं होतं. शे-दोनशे खुर्च्यांचा एकच हॉल होता. तो दुरुस्त होईपर्यंत आम्ही सुपारी वाळवायच्या खळ्यात वाजवलं, शाळेच्या ओसरीवर वाजवलं, जेटीवर वाजवलं. जेटीवर वाऱ्यानं कागद उडाले आणि इब्राहिमभाईंचा कागद खाडीत गेला. बाई दर सोमवारी कचेरीत जायच्या. कधी मी बरोबर असायचो.

“फाइल वर गेलीय, बाई.”

“वर म्हणजे कुठे?”

“वर म्हणजे वर.”

छपराचं काम मंजूर झालं, मग ठेकेदार पळाला, मग दुसरा आला, मग त्यानं पत्रे चुकीचे आणले. बाईंचा रक्तदाब वाढत गेला, गोळ्या मीच देत होतो. मी म्हणायचो, “सोडा ना बाई, मंगल कार्यालय आहे की पौषात.” त्या म्हणायच्या, “मंगल कार्यालयात आवाज घुमतो. आणि हॉल गावाचा आहे. गावाचं गाणं गावाच्या घरात नको व्हायला?”

अखेर हॉल झाला. अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या नगरपंचायतीच्या अध्यक्षांनी, बाईंना स्वतः फोन केला. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार, आचारसंहिता लागायच्या आत उरकायचंय, आणि सुरुवात तुमच्या वाद्यवृंदानं. बाई म्हणाल्या, “चारही भाग वाजवू. मधे कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही.” अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, तुमचाच कार्यक्रम आहे. कोण बोलतंय!” आणि पौषही होता. मी बाईंना इतकं खूश आधी पाहिलं नव्हतं. तालमीला त्यांनी सगळ्यांना वाटीभर खरवस आणला होता.

त्या संध्याकाळी पाहुणे उशिरा आले. मग दीप, मग फीत, मग हार. मग ठेकेदाराचा सत्कार, पहिल्या नव्हे, दुसऱ्या. मग भाषणं. आम्ही रंगमंचावर वाद्यं मांडीवर घेऊन बसलेलो. थंडीनं आणि दमट हवेनं तारा उतरत होत्या. शेवटी निवेदक म्हणाला, “आता आपल्या गावचा लाडका ऑर्केस्ट्रा एक-दोन सुमधुर गाणी सादर करेल.”

बाईंनी हात उचलला. पहिला भाग झाला. टाळ्या पडल्या, पण बाईंनी पाठीमागे तळवा दाखवला आणि त्या थांबल्या. दुसरा भाग सुरू झाला. माधवीचा चेलो, मग आम्ही, मग हळूच इब्राहिमभाई. आणि मला जाणवलं, हॉल ऐकतोय. खोकलासुद्धा नाही.

तेवढ्यात पाहुण्यांना निघायचं झालं. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. खुर्च्या सरकल्या, मागची माणसं उठली, आणि अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर आले. आम्ही वाजवत होतो. त्यांनी मागून येऊन बाईंच्या खांद्यांवर शाल घातली. बाईंचा हात हवेत, लय चालू, अंगावर शाल. त्यांनी थांबवलं नाही. अध्यक्षांनी नारळ पुढे केला. बाईंनी घेतला नाही, कारण हात मोकळे नव्हते. फोटोग्राफर पुढे येऊन म्हणाला, “मॅडम, जरा इकडे बघा.”

बाईंनी हात खाली आणला. आम्ही थांबलो. त्यांनी शाल काढून घडी केली, अध्यक्षांच्या हातातल्या नारळावर ठेवली, आणि निवेदकाच्या माइकपाशी जाऊन अगदी शांतपणे म्हणाल्या, “आमचा कार्यक्रम चालू आहे. आपला संपला असेल, तर आपण निघावं.”

पाहुणे निघाले. त्यांच्यामागे कार्यकर्ते. कार्यकर्त्यांमागे, बाहेर जेवणाच्या पंगती मांडल्या होत्या म्हणून, निम्मा गाव. उरलेल्यांपुढे बाई परत उभ्या राहिल्या. “दुसरा भाग. सुरुवातीपासून.” माधवीनं गज तारेवर ठेवला, आणि दिवे गेले.

वादळानंतर हॉलला विजेचं मीटरच परत बसलं नव्हतं. उद्घाटनापुरता भाड्याचा जनरेटर आणला होता. तो पाहुणे जाईपर्यंतच सांगितला होता. बाहेर डेकोरेटरचा माणूस वायरी गुंडाळत होता. मी ओरडलो त्याच्यावर. तो म्हणाला, “माझ्यावर कशाला तापता, दादा? मला पुढच्या गावाला लावायचाय.” आणि गेला.

पुढचे दिवस वाईट होते. गावात दोन तट पडले. बाईंनी बरोबर केलं म्हणणारे, आणि बाईंनी गावाची शोभा केली म्हणणारे. आमच्यातही तेच. हॉलसाठी फोन केला की उत्तर यायचं, “बुक आहे.” कोणीतरी निरोप आणला, मॅडमनी नुसतं सॉरी म्हटलं तरी पुरे. बाई म्हणाल्या, “कशाबद्दल? वाजवल्याबद्दल?”

मग दत्ता तालमीला येईनासा झाला. बाई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. तो अंगणात ट्रम्पेट पुसत बसला होता.

“काय रे, काय झालं?”

“काय न्हाय, बाई.”

“दत्ता.”

“कुनी काय बोललं न्हाय मला. खरंच न्हाय. पन लग्नाच्या ऑर्डरी येत न्हायत. ठरल्या होत्या त्याबी फिरल्या. बँडातली पोरं माज्या तोंडाकडं बघत्यात.” मग मान खाली घालून म्हणाला, “तुमी बरोबर केलंत, बाई. पन आमचं पोट हाय त्याच्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानात आल्या, चांगली निळी साडी नेसून. “चला,” म्हणाल्या. “माफी मागायचीय. एकटीनं गेले तर वाटेतून परत येईन.”

अध्यक्ष फोनवर होते. हातानं बसा म्हणाले. बराच वेळ बोलून त्यांनी फोन ठेवला आणि हसले. “बोला मॅडम, कशी काय आठवण काढली?”

बाईंनी पाठ करून आणल्यासारखं म्हटलं, “उद्घाटनाच्या दिवशी मी जे बोलले, त्याबद्दल मी आपली माफी मागते. त्याचा राग दत्ताच्या बँडवर निघू नये.”

अध्यक्षांना काही कळेना. “कसली माफी? काय बोललात तुम्ही?” मग आठवलं. “अच्छा अच्छा, ते! अहो मॅडम, मी तर विसरूनसुद्धा गेलो. चालायचंच. दत्ताचं म्हणताय? आमच्या पोरांनी काहीतरी डोक्यात घेतलं असेल. सांगतो मी.” आणि चहा मागवला.

“आणि हॉल?” मी विचारलं.

“हॉलची आता सिस्टिम आहे. क्लार्कला भेटा.”

क्लार्क म्हणाला, पुढचा पौषसुद्धा सगळा बुक आहे.

बाहेर आलो तर बाई कचेरीच्या पायऱ्यांवरच बसल्या. माणसं जात-येत होती. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, “मी महिनाभर नीट झोपले नाही हो. आणि तो विसरला. मला वाटत होतं, निदान चिडला तरी असेल. चिडायला सुद्धा ऐकावं लागतं ना.”

दत्ताच्या ऑर्डरी सुरू झाल्या. तो तालमीलाही आला. बाई त्याला म्हणाल्या, “ओठ सैल पडलेत तुझे,” आणि त्याला तेवढंच पुरलं. माफीचं त्याला बाईंनी सांगितलं नाही, मी सांगितलं. तो त्या दिवशी घरी जाताना त्यांच्या दारात पापलेटं ठेवून गेला.

तो सीझन आम्ही खळ्यातच संपवला. पावसाळ्यात बाईंना तालमीच्या मधेच धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदयाचं निदान केलं. मुलगा आला. या वेळी त्या नाही म्हणाल्या नाहीत, आणि तेव्हाच मला समजायला हवं होतं. गाडीत बसताना आम्ही सात-आठ जण उभे होतो. बाईंनी काच खाली केली. आता काहीतरी मनातलं बोलतील असं वाटलं. त्या माधवीला म्हणाल्या, “दुसऱ्या भागात तू घाई करतेस. संथ म्हणजे थांबलेलं नव्हे, पण पळायचंही नाही.” माधवी मान हलवत राहिली. इब्राहिमभाई म्हणाले, “बाई, दिवाळीआधी या. आम्ही दुवा करतो.” “दुवा करा, पण शनिवार चुकवू नका,” बाई म्हणाल्या. गाडी गेली.

गणपती होऊन गेले आणि एका दुपारी मुलाचा मेसेज आला. ऑपरेशन झालं होतं, नंतर गुंतागुंत झाली. सगळं तिकडेच झालंसुद्धा होतं. मी काउंटरवर होतो. समोरचा माणूस खोकल्याचं औषध मागत होता. मी त्याला दिलं, वरून किती चमचे घ्यायचे तेही सांगितलं. आम्हाला तिला खांदा देता आला नाही. हो, तिला. मनात मी बाईंना कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं, हे मला त्या दुपारी कळलं.

शोकसभा अध्यक्षांनीच ठेवली. हॉलमध्ये. हॉल मोकळा होता. मीटर बसलं होतं, दिवे लखलखीत. सगळा गाव आला: कोळीवाडा, मोहल्ला, दवाखान्यातल्या नर्सेस, आणि ती बाळंतीण, हाताशी शाळेत जाणारी पोर घेऊन. अध्यक्षांनी बाईंनी गावाचं नाव कसं मोठं केलं ते सांगितलं. मग म्हणाले, वाद्यवृंदातर्फे श्रद्धांजली.

बाईंच्या जागी पुढे उभं राहायला कोणी तयार झालं नाही. ती जागा तशीच मोकळी ठेवून आम्ही बसलो. इब्राहिमभाईंनी मान हलवली आणि माधवीनं सुरुवात केली. दुसरा भाग. तिनं घाई केली नाही. शोकसभेतून मधेच कोणी उठून जात नाही, शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, शोकसभेत कोणाचा फोन वाजला तर आजूबाजूचे लोक त्याच्याकडे रागानं बघतात. गाव अगदी शांत बसून ऐकत होतं. मधे एका ठिकाणी आम्ही व्हायोलिनवाले पुढे-मागे झालो, मग सावरलो, आणि तो भाग शेवटापर्यंत गेला. तिसरा आणि चौथा वाजवायचं बळ कोणातच नव्हतं.

सभा संपल्यावर अध्यक्ष स्टेजवर आले. डोळे खरोखर ओले होते त्यांचे, खोटं सांगत नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“काय सुंदर होतं हो हे,” ते म्हणाले. “एवढं चांगलं होतं, तर बाईंनी तेव्हाच का नाही वाजवलं?”

मी हात सोडवून घेतला आणि व्हायोलिन पेटीत ठेवायला लागलो. दत्तानं माझ्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. नंतर तो खाली वाकला आणि त्या मोकळ्या जागेला पाय लागणार नाही असा वळसा घालून खुर्च्या उचलायला लागला.